सायमाआत्याचं जुनं काडतूस

अरे ऐका तर. आमच्याकडे मिशिगनच्या जंगलात शिकारीला नियमच आहे, हरणावरचा नेम चुकला की सगळ्यांसमोर शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि कॅम्पच्या, म्हणजे आमच्या जंगलातल्या लाकडी खोलीच्या, भिंतीवर ठोकायचं. भिंतीवरची निम्मी टोकं आमच्या रायनोकाकाची. म्हणून यंदा तो नवीकोरी बंदूक घेऊन आला, काडतूसही एकदम नव्या जातीचं. थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या सायमाआत्याला, म्हणतो, "ताई, तुझं ते थर्टी-ओ-सिक्स काडतूस म्हातारं झालं. थोड्या वर्षांनी कुत्रं विचारणार नाही त्याला."

"त्याआधी तुझे शर्ट संपतील," आत्या म्हणाली.

आणि हा बाबा काडतुसंच घरी विसरलेला! गावात दुकान एकच. तिथे दूध, पाव, गळाला लावायची गांडुळं आणि थर्टी-ओ-सिक्स. ते काही नव्या बंदुकीत बसेना. काकाचं तोंड एवढंसं झालं. शेवटी आत्याने गुपचूप स्वतःची बंदूक त्याच्या हातात दिली. आणि दुपारी काका असलं शिंगाळं हरीण ओढत आला ना, की आम्ही सगळे बघतच राहिलो. शर्ट अख्खाच्या अख्खा!

"ताई, ही बंदूक मला देऊन टाक. मागशील ते देतो."

मी आतच आहे हे विसरून आत्याने दार लावून घेतलं.

"तुझी नवी दे मग. गोळी सुटताना तिचा धक्का कमी बसतो म्हणे. इतकी वर्षं त्या काडतुसाचं कौतुक मी करतेय, पण मार माझा खांदा खातोय."