बाबांचं जेवण होईपर्यंत

गाडी अंगणात येऊन थांबली तरी यू-थाओनं दार उघडलं नाही. जाळीआडूनच तिनं हात दाखवला. थांबा.

गाडीच्या काचेला नाक लावून तिची नात पेइ-लिंग तिला कागदाचा लाल मासा दाखवत होती. पाच वर्षांची पोर. कालपर्यंत तिच्या अंगात ताप होता, हे मुलानं अर्धा रस्ता संपल्यावर फोनवर सांगितलं. वर म्हणाला, आज सकाळी उतरलाय, घरी चाचणीही केली, एकच रेघ आली, म्हणजे काळजीचं काही नाही. परत फिरा म्हणता येऊ नये म्हणून त्यानं इतक्या उशिरा सांगितलं, हे यू-थाओच्या लगेच लक्षात आलं. तिच्याच पोटचा होता.

"उघड की दार," आतून तिचा नवरा खुन-शान म्हणाला. "वर्षाचं शेवटचं जेवण आहे. दोन तास गाडी हाकत आलीत पोरं."

"ताप होता तिला."

"आजच्या दिवशी तो शब्द काढू नये."

सणाला दुखण्याचं नाव घेऊ नये, हे सासूनं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. पण उन्हाळ्यात डॉक्टरांनीही बजावलं होतं. बसवलेली किडनी टिकावी म्हणून खुन-शानला ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी त्याच्या अंगातली झुंजण्याची ताकदच काढून घेतली होती. वर्षभर साधं पडसंही जिवावर बेतेल, असं ते म्हणाले होते. किडनी यू-थाओची होती. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं.

"माझी एक वस्तू तुमच्याकडे आहे. दुसऱ्यांदा द्यायला माझ्याकडे नाही."

खुन-शान खुर्चीत मागे रेलला. मग हट्टी माणसं करतात तेच त्यानं केलं, निवाडा वरच्यांकडे नेला. घर बाबांचं आहे, म्हणाला, त्यांनाच विचार, ते म्हणतील तसं.

बाबांना, खुन-शानच्या वडिलांना, जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. पूर्वजांची नावं कोरलेल्या लाकडी पाट्यांपुढे त्यांचं जेवण दुपारीच मांडलं होतं. अख्खी कोंबडी, तळलेला मासा, मोहरीची लांब पानं. त्यांचं झाल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही. यू-थाओनं कौलाचे दोन लाकडी तुकडे उचलले. एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. सासूनं ते तिच्या हाती दिले तेव्हापासून या घरात कौल तीच लावत आली होती.

गुडघे टेकून तिनं विचारलं, त्यांना आत घेऊ का, आणि तुकडे टाकले.

एक उताणा. एक पालथा.

तिनं झटकन ते ओंजळीत ओढले. "नाही म्हणाले."

मागे खुर्ची करकरली. "पुन्हा टाक."

पुन्हा तेच. एक उताणा, एक पालथा. "नाहीच म्हणताहेत," यू-थाओ म्हणाली. मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. पूर्वजांपुढे ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि तेही लागोपाठ दोनदा.

तिनं मुलाला फोन केला. अंगणात झाडाखाली टेबल मांड, म्हणाली, आजोबांचं जेवण झालं की तुमचं तिथे आणून देते. तो नुसतं बरं म्हणाला. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

उदबत्त्या अर्ध्यावर आल्या तशी ती पुन्हा पाट्यांपुढे बसली. आता प्रश्न दरवर्षीचाच होता. बाबा, आई, जेवण झालं का?

दोन्ही पालथे.

एरवीही कधीमधी असं व्हायचं. म्हातारी माणसं सावकाश जेवतात म्हणायचं, नवी उदबत्ती लावायची. तिनं लावली. थोडं थांबून पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदाही नाही. कोंबडीचं कातडं सुकून चिवट झालं. अंगणातून पेइ-लिंगची भुणभुण ऐकू येऊ लागली, मग तिच्या आईचं दटावणं.

पाचव्यांदा तिनं तुकडे ओंजळीत घेतले. रागावलेत. आपल्यावर रागावले असते तर चाललं असतं, सोसलं असतं तिनं. पण त्यांनी खुन-शानकडे पाठ फिरवली तर? ज्याला जपायला खोटं बोलली, त्याच्याच मुळावर ते आलं तर?

तुकडे पडले. दोन्ही पालथे.

"सरक," खुन-शान म्हणाला.

तो खुर्चीतून उठून आला होता. भिंतीचा आधार घेत तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि तिच्या हातातून तुकडे काढून घेतले. इतक्या वर्षांत त्यानं कधी त्यांना हात लावला नव्हता. कसे धरायचे तेही त्याला धड माहीत नव्हतं.

"बाबा," तो पाट्यांकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोन्ही वेळा हो म्हणालात. मला खुर्चीतून दिसलं. ही खोटं बोलली आणि मी बोलू दिलं." तो थांबला. एक हात आपोआप पोटाच्या उजव्या अंगाला गेला. "दार उघड, दार उघड, हे नुसतं तोंडानं. मलाही भीती वाटते. मला अजून जगायचंय. एवढंच सांगायचं होतं. आता सांगा, जेवण झालं का?"

त्यानं तुकडे टाकले. एक जागच्या जागी पालथा पडला. दुसरा घरंगळत टेबलाच्या पायाशी गेला, तिथे डुलत राहिला, आणि उताणा थांबला.

बाबांचं जेवण झालं होतं. मग खुन-शाननं डोळे पुसले, आणि उठायला तिच्यापुढे हात केला.

"पोरीचं ताट आधी ने," तो म्हणाला. "भूक लागली असेल तिला."