तळघरातली हवा

तपासनीस गुडघ्यांवर बसून तळघराच्या फरशीतल्या भेगा बघत होता आणि म्हातारा त्याच्याकडे, घरात शिरलेल्या चोराकडे बघावं तसा बघत होता.

तपासनिसाला बोलावलं होतं म्हाताऱ्याच्या लेकीने. रेडॉन नावाचा वायू जमिनीतून घरात शिरतो, त्याला ना रंग ना वास, आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, असं तिने कुठेतरी वाचलं आणि तिच्या डोक्याला भुंगाच लागला. बाप तर राहायचाच तळघरात. तिथेच त्याचं व्हायोलिनं दुरुस्त करायचं टेबल, तिथेच खाट. बायको गेल्यापासून तेवढी खोलीच काय ती त्याची उरली होती. आकडा वाईट आला तर बाबांनी मुकाट्याने वर यायचं आणि तळघराला कुलूप, असं लेकीने बजावून ठेवलं होतं.

तपासनीस बोलका निघाला. भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून हा वायू येतो, म्हणाला. खिडक्या बंद असल्या की साचतो. हीटर लावला की गरम हवा वर चढते आणि जमिनीतली हवा मागोमाग आत ओढली जाते. भिंतीत पोकळी असेल तर तो कुठल्या कुठे जाऊन पोचतो. शेजारशेजारच्या दोन घरांचा आकडासुद्धा सारखा नसतो.

"पण वरच्या मजल्यावर कमीच ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"साधारणपणे कमी. पण मोजल्याशिवाय खात्री देता येत नाही."

तपासनिसाने दिलेली मोजणीची डबी लेकीने खाटेजवळच्या फळीवर ठेवली आणि खिडकी लावून घेतली. पॉलिशच्या वासापायी ती बारा महिने सताड उघडी असायची. आठवडाभर डबीला कुणी हात लावायचा नाही, असा दम तिने भरला. म्हाताऱ्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

आणि खरंच, त्या आठवड्यात त्याने कुरकुर म्हणून केली नाही. चार वर्षांची नात, ठमी, सर्दीने बेजार होऊन वरच्या खोलीत पडून होती. हीटर चालू, दारं-खिडक्या घट्ट. लेक वाऱ्याची झुळूकही आत येऊ देत नव्हती. आजोबा सारखे वर जायचे, पलंगाशी बसून गोष्टी सांगायचे. म्हातारा हळूहळू वर रुळतोय, असं वाटून लेकीला बरं वाटलं. आपण उगाच दरडावलं, असंही वाटलं.

तपासनीस डबी घेऊन गेला आणि काही दिवसांनी अहवाल आला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता.

आपलंच खरं ठरलं याचा लेकीला काडीचा आनंद झाला नाही. बापाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोजणी चुकत नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. नाही चुकत, ती म्हणाली. मग त्याचा हात हातात घेऊन तिने समजूत काढली: तळघर दुरुस्त होईपर्यंत ठमीच्या खोलीत खाट टाकू, तिथली हवा तरी चांगली आहे. म्हातारा जिन्याकडे वळला.

ती दुरुस्तीवाल्याला फोन करायला स्वयंपाकघरात गेली. परत येऊन बघते तर ठमीचा पलंग रिकामा.

ती धावतच तळघरात उतरली. ठमी आजोबांच्या खाटेवर, दुलईत गुरफटून झोपली होती. खिडकी सताड उघडी होती. म्हातारा शेजारी उभा होता.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" ती ओरडली. "अहवाल वाचलात ना? या हवेत पोरीला आणून झोपवलंत?"

"डबी इथे नव्हतीच," म्हातारा म्हणाला. "आठवडाभर मी ती ठमीच्या पलंगाखाली ठेवली होती."