फी फक्त रोख

गास गावात घराच्या ओटीवर दवाखाना थाटताना डॉक्टर प्लासिडने ठळक पाटी रंगवून घेतली : ‘फी पाच रुपये. फक्त रोख.’ त्याचे डॉक्टर वडील जन्मभर फीऐवजी केळी, अंडी, नाहीतर उन्हात वाळवलेली सुकेळी घेत आले होते. ते आता बंद!

पहिल्याच दिवशी सतरा पेशंट आले. एकानेही घासाघीस केली नाही. प्रत्येकजण आधी मागच्या अंगणात डोकावून यायचा आणि मुकाट्याने पाचची नोट टेबलावर ठेवायचा. लगेच प्लासिडची आई, मटिल्डा, आतून यायची. “वाऱ्यानं उडेल रे, मी कपाटात ठेवते,” म्हणत नोट घेऊन जायची.

दुपारी दार लावून प्लासिड म्हणाला, “बघितलंस, आये? पप्पांना मागताच येत नव्हतं. आण ते पंच्याऐंशी रुपये.”

मटिल्डाने चुरगळून मऊ झालेली एकच नोट त्याच्यापुढे ठेवली. मागच्या पडवीत केळीचे नऊ घड, तीन टोपल्या अंडी आणि पाय बांधलेला कोंबडा होता.

“मीपण कुणाचं उधार घेतलं नाही हो,” ती म्हणाली. “सगळ्यांना रोख पाच रुपये दिले. आता ती नोट परत दे, उद्या लागेल.”