मूळ फोटो

झोका उंच गेला होता, पण झोक्यावर कोणीच नव्हतं.

फोटोवाल्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फोनमधून आलेल्या फोटोत निळ्या फ्रॉकातली मुलगी झोक्यावर खिदळत होती. त्याच फोटोची छपाईसाठी मोठी फाइल करून घेतली, तर मुलगी गायब. झोका ढकलणारी बाई मात्र जागच्या जागी उभी, दोन्ही हात पुढे केलेले.

त्याने पुढचा उघडला. केकसमोर रिकामी खुर्ची. त्याच्या पुढच्यात समुद्राची वाळू आणि एकाच माणसाची पावलं.

"मशीनला झपाटलं की काय?" तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला दुकानात कोणी नव्हतं. खारू अजून यायची होती.

खारू म्हणजे त्याची लेक. आठ वर्षांची, एका जागी टिकेल तर शपथ. शाळेतून एकटीने यायचा आज तिचा पहिलाच दिवस. बायकोचा साफ विरोध होता, पण "दोन गल्ल्या तर आहेत, मी जबाबदार," असं छातीठोकपणे सांगून यानेच तो मोडून काढला होता. आणि खारूने काय करावं? सकाळी निघतानाच पायरीवर धडपडून कोपर फोडून घेतलं. बायकोला आयतं निमित्त नको म्हणून याने गुपचूप पट्टी चिकटवली आणि रडू थांबावं म्हणून पट्टीवर लाल पेनाने एक खार काढून दिली. शेपटी जरा जास्तच झुपकेदार झाली होती.

गायब मुलीचा उलगडा व्हायला मात्र फार वेळ लागला नाही. फोन फोटो दाबून, चेपून ठेवतो. फोटोवाला तो उलगडून त्याची मोठी फाइल करायचा, म्हणजे छापला तरी खुलून दिसावा आणि वर्षानुवर्षं टिकावा. त्याचा एक हट्ट होता. फाइल करायची ती मूळ फोटोचीच. लोक फोनवर फोटोत काय वाटेल ते बदल करतात, पण खाली मूळ फोटो शाबूत असतो, आणि प्रत्येक बदलागणिक थोडा कस कमी होतो. या हट्टापायी फोनवर सडपातळ झालेले कितीतरी नवरे त्याच्याकडून पोटासकट छापून निघाले होते. भांडणंही झाली होती.

म्हणजे ही मुलगी मूळ फोटोत नव्हतीच. मागाहून आणून बसवलेली.

त्याने फोटो शेजारी शेजारी लावले. झोक्यावर, केकसमोर, वाळूत, सगळीकडे तेच हसू, तोच पडका दात, खांद्यावर पुढे आलेली तीच एक वेणी. फोटो कितीतरी वर्षांचे होते. त्यांतल्या बाईचे केस हळूहळू पिकत गेले होते. मुलगी तसूभरही वाढली नव्हती.

पोर कधीचीच गेलेली असणार. गेल्या आठवड्यात ती बाई दुकानात आली तेव्हा किती शांत होती.

"भारी कागदावर छापा, दादा," ती म्हणाली होती. "आणि जन्मभर जपता येईल असं करून द्या. फोनचा काय भरवसा?"

खारू तेव्हा काउंटरवर गृहपाठ करत होती. बाई तिच्याकडे बघत राहिली.

"कितवीत गं तू?"

"तिसरीत."

"माझीही एवढीच आहे."

"सोमवारपासून बाईसाहेब एकट्या येणार आहेत शाळेतून," बापाला राहवलं नव्हतं. "रस्ता तोंडपाठ आहे. दाखव गं म्हणून."

खारूने पाढा म्हणावा तसा रस्ता म्हणून दाखवला. सायकलवाला, औषधाचं दुकान, मोठं झाड, मग बाबा. बाई हसली. "हुशार आहे हो," म्हणाली. दारातून मागे वळून तिने सांगितलं, "अल्बमचं शेवटचं पान रिकामं ठेवा. एक फोटो राहिलाय. पाठवते."

आता त्याला राहिलेल्या फोटोचाही अर्थ कळला, तोही ती असाच मुलगी बसवून पाठवणार, आणि आपण त्या माउलीपुढे स्वतःच्या लेकीची मिरवणूक काढली याची लाज वाटली. गेला हट्ट खड्ड्यात. मुलगी असलेलेच फोटो तिला छापून द्यायचे आणि चकार शब्द काढायचा नाही, असं त्याने ठरवलं.

फोन वाजला. बायको.

"पोचली का?"

"येईलच. रस्त्यात मांजर भेटलं असेल."

"तू जाऊन बघ ना जरा."

"अगं, मग एकटीने येण्यात काय राहिलं?"

फोन ठेवून तो दारात गेलाच. गणवेशातली पोरं घोळक्याने गेली. मग दोघं-दोघं गेली. मग रस्ता मोकळा झाला. मांजरसुद्धा नव्हतं. त्याचा धीर सुटला. शटरची किल्ली घ्यायला तो मागे वळला आणि कॉम्प्युटर टिणकन वाजला.

"राहिलेला फोटो, दादा. सावकाश करा."

यादीत तो बोटाच्या पेराएवढा दिसत होता. केकच्या फोटोतलंच टेबल, तीच खुर्ची, तोच निळा फ्रॉक, पाठमोरी एक वेणी. बिचारीला या वेळी चेहरा बसवायलाही जमलं नाही, असं त्याच्या मनात आलं. सवयीने त्याने फाइल करायला लावली, दिवे मालवले, शटर अर्धं ओढलं आणि जाता जाता पडद्याकडे पाहिलं.

मूळ फोटो पूर्ण आकारात उघडला होता. खुर्ची रिकामी झाली नव्हती. मुलीने कोपर टेबलावर टेकलं होतं, आणि कोपरावरच्या पट्टीवर लाल पेनाने काढलेली खार होती, जरा जास्तच झुपकेदार शेपटीची.