साक्षीला नवशी

"काका, सही जुळत नाही," संगिता तिसऱ्यांदा म्हणाली.

अमृतभाईंनी काचेखालून परत आलेली पैसे काढायची स्लिप डोळ्यांजवळ धरली. सही कसली, चिखलावरून खेकडा चालून गेला होता. संगिताच्या कॉम्प्युटरवर त्यांचीच जुनी सही दिसत होती. ठसठशीत, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली शेपटी. आता वय अठ्ठ्याहत्तर आणि उजवा हात दिवाळीपासून थरथरत होता.

"आणखी एक स्लिप दे."

"काका, तीन झाल्या. अंगठा लावा ना. चालतो."

झालं! अमृतभाईंचा पारा चढला. "अंगठा? मी?"

रागावले त्यात नवल नव्हतं. तलासरीच्या याच शाखेत ते शिपाई म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी हेड कॅशियर होऊन निवृत्त झाले. ते लागले तेव्हा बँकेत येणारी दहातली नऊ माणसं अंगठा द्यायची. अमृतभाईंना ते बघवेना. दर रविवारी सकाळी ते घराच्या पडवीत पाटी-खडू घेऊन बसायचे आणि येईल त्याला त्याचं नाव लिहायला शिकवायचे. फक्त नाव, बाकी काही नाही. चैत्या शिकला, बायजी शिकली, जिवली तर नातवंडं झाल्यावर शिकली. नियमाला मात्र हा माणूस भलताच कडक. सही जुळली नाही म्हणून त्यांनी सख्ख्या सासऱ्याला परत पाठवलं होतं, तेही भर बाजाराच्या दिवशी. सासरे पुढे दोन वर्षं जावयाच्या घरी जेवले नाहीत.

पुढल्या वर्षी, २०१९ साली, अमृतभाई गेले तेव्हा शोकसभेत हे सगळं सांगून झालं. मुलाला, मनिषला, वापीच्या कंपनीत इंजिनियर केलं, मुलीला, कविताला, कोसबाडला शिक्षिका केलं. गिऱ्हाइकाचा कपभर चहासुद्धा कधी घेतला नाही. घरात कधी आवाज चढवला नाही. सगळं अगदी खरं. त्या दिवशी बँकेत काय झालं ते मात्र कोणी सांगितलं नाही. घराबाहेर ते एकट्या संगिताला ठाऊक होतं आणि ती मागच्या रांगेत बसून रडत होती.

तर त्या दिवशी बाकावर त्यांची बायको नवशी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोमवारी डहाणू रोडला ऑपरेशन. आधीच्या दोन तारखा या सहीपायीच हुकल्या होत्या आणि आता आणखी थांबलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मनिष म्हणाला होता, पैसे मी भरतो. अमृतभाई म्हणाले होते, "माझ्या बायकोचे डोळे माझ्याच पैशाने उघडतील." जन्मभर त्यांनी घरासाठी केलं, ते असंच. भाजी तेच आणायचे, तिचं लुगडं तेच आणायचे, तिच्या खात्याची स्लिपही तेच भरायचे. लाडाचा शब्द म्हणाल तर एक नाही. रस्त्याने ते पुढे आणि ती चार पावलं मागे. अलीकडे दिसेनासं झालं म्हणून ती त्यांच्या पिशवीचा बंद धरून चालायची.

अमृतभाईंनी बाकाकडे पाहिलं. नवशी भिंतीकडे तोंड करून हसत होती. तिथेच ते उभे आहेत असं तिला वाटत होतं.

"आण तुझं पॅड," ते संगिताला म्हणाले.

"साक्षीदार लागेल, काका. सही करणारा."

"नियम मला सांगतेस?"

पण सांगितला तो नियम खराच होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या वेळचा एकही माणूस बँकेत उरला नव्हता. रांगेतली माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती.

"काकी करतील ना?" संगिताने विचारलं.

"हिचा अंगठा आहे," अमृतभाई हळूच म्हणाले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. बायकोला का नाही शिकवत, असं बायजीने त्यांना एकदा तोंडावर विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, हिला कशाला, मी आहे ना.

नवशी उठली. चाचपडत काउंटरशी आली. "रेघ कुठे आहे तेवढं बोट ठेवून दाखव, पोरी."

संगिताने बोट ठेवलं. नवशीने पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, नवशी अमृत धोडी. ओळ जरा वर चढली, पण अक्षर एकही चुकलं नाही.

अमृतभाई बघतच राहिले. "तू कधी शिकलीस?"

"बायजी शिकली तेव्हाच. पडवीत तुम्ही मोठ्याने सांगायचात. मी आत परातीतल्या पिठात बोटाने काढायची आणि मळून टाकायची."

"अगं, मग पुढची तीस वर्षं मी दर महिन्याला काउंटरबाहेर येऊन तुझा हात धरायचो, अंगठा शाईत टेकवायचो, कागदावर उठवायचो, माझ्या रुमालाने पुसायचो. एकदाही बोलली नाहीस?"

नवशीने त्यांचा थरथरता हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा पॅडवर टेकवला.

"बोलली असती, तर चारचौघांत हात धरला असता का तुम्ही माझा?"