बाभळीची बाजू

टीव्हीवर फुटबॉलच्या फायनलचा दुसरा हाफ सुरू झाला आणि कॅमेरा समोरच्या संघाच्या बाकावरून फिरला. तिथं तो माणूस बसला होता. तेच कुरळे केस, तोच कपाळावर चढवलेला चष्मा. अंगात मात्र त्या संघाचा निळा टी-शर्ट.

सिद्धाराम सर चहा खाली ठेवून टीव्हीजवळ सरकले.

मागच्या रविवारी हाच माणूस पत्रकार म्हणून त्यांच्या घरी जेवून गेला होता. सरांनी उमरग्यातच गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवल्याला जेमतेम महिना झाला होता. पोस्टमनही अजून जुन्याच दारात पत्रं टाकत होता. हा मात्र थेट दारात हजर. फारुखवर मोठा लेख लिहायचाय म्हणाला. गिरिजाबाईंनी शेंगाची पोळी केली आणि सर बोलायला बसले.

सर बोलायला बसले की संपलंच. शाळेत संघ ते निवडायचे, आणि यादी लागायच्या आत ती सगळ्या बसस्टँडला पाठ असायची. पोरीचं लग्न ठरेपर्यंत गिरिजाबाईंनी त्यांना पाहुण्यांचं गावसुद्धा सांगितलं नव्हतं.

फारुख त्यांचाच विद्यार्थी. हायवेवर टायरचं दुकान चालवणाऱ्या दादामियाँचा मुलगा. बारा वर्षं तो गोव्याच्या क्लबात गोलकीपर होता, आणि गोलकीपर असून पेनल्टी मारायचा. आजवर अकरा मारल्या, अकराही आत. आता चौतिसावं चालू होतं. आजची फायनल जिंकली तर क्लब आणखी दोन वर्षं ठेवणार होता, हरली तर बॅग भरून घरी.

पेनल्टी तो कधी डावीकडं मारायचा, कधी उजवीकडं. व्हिडिओ बघून कुणाला थांग लागत नसे. सरांना लागला होता. शाळेच्या मैदानात गोलच्या उजव्या अंगाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि शाळेकडं चेंडू एकच. उजवीकडं मारला की चेंडू पंक्चर, आठ दिवस खेळ बंद. पोरं डावीकडंच मारायला शिकली. आजही जिथं हरून चालणारच नाही, तिथं फारुखचा पाय आपोआप डावीकडं वळायचा. असा प्रसंग बारा वर्षांत तीनदाच आला, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ठाऊक होतं ते गुरूला आणि चेल्याला.

तो पाहुणा यायच्या आदल्याच दिवशी फारुखचा फोन आला होता.

"सर, ती बाभळ हाय का अजून?" तो हसत म्हणाला होता. "ते डावीकडचं मात्र आपल्या दोघांतच राहू द्या."

हे काय सांगणं झालं का, असं म्हणून सरांनी फोन ठेवला होता. आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पोळीला, सांगून मोकळे झाले होते.

सरांनी फोन लावला. बंद. सामन्याआधी खेळाडूंचे फोन काढून घेतात हे त्यांना माहीत होतं, तरी ते लावतच राहिले. बसवेना, उभं राहवेना. गिरिजाबाईंनी काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाले. बाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. हे उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

स्कूटर काढून सर हायवेवर आले. दादामियाँना सांगून टाकायचं, त्यांच्याकडं क्लबातल्या कुणाचा तरी नंबर असेल. दुकानात हवेचा पंप बंद होता आणि दादामियाँ हातात तसबीहची जपमाळ धरून टीव्हीसमोर बसले होते.

"या गुर्जी, बसा," ते सरकून म्हणाले. "तुमच्यामुळं हा दिस बघतोय म्या."

सर बसले. नंबर मागितला नाही. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट त्यांच्या पोटात राहिली.

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी सुरू झाल्या. चार-चार. समोरच्यांची पाचवी फारुखनं अडवली आणि ट्रकवाल्यांनी दुकानाबाहेर हॉर्न वाजवले. मग त्यानंच चेंडू उचलला, ठिपक्यावर ठेवला आणि चार पावलं मागं गेला. निळ्या बाकावरच्या त्या माणसानं आपल्या गोलकीपरला बोटानं काहीतरी खुणावलं.

तिथं काटे नाहीत रे बाबा, उजवीकडं मार, सर मनात म्हणत होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. ज्या पोराला त्यांनी घडवलं त्यालाच त्यांनी विकलं होतं, तेही फुकटात.

फारुख धावला. त्याचा पाय लागायच्या आत समोरच्या गोलकीपरनं फारुखच्या डावीकडं अंग झोकून दिलं. चेंडू सावकाश उजवीकडं गेला, बाभळीच्या बाजूला, आणि जाळीत थांबला.

दादामियाँ रडले. सरही रडले. देवाला काळजी, त्यानंच ऐनवेळी पोराचा पाय वळवला, असं त्यांना वाटलं.

तासाभरानं फोन वाजला. "सर, एकोणीस मिस्ड कॉल?" फारुख विचारत होता.

सर टायरच्या ढिगाऱ्यामागं गेले आणि सगळं सांगून टाकलं. पाहुणा, पोळी, बाभळ, काही ठेवलं नाही. "मला माफ कर, फारुख. तू एवढं बजावलं होतंस."



"माफी म्याच मागायची सर," फारुख हळू आवाजात म्हणाला. "पत्रकार म्हणून त्यानं आधी मलाच फोन केला होता. म्या आवाजावरनं ओळखला, त्या निळ्या संघाचा माणूस. मग तुम्हाला बाभळीची आठवण करून दिली, अन् त्याला तुमच्या नव्या घराचा पत्ता."