बाहीतली कसर

"टाकून दे म्हटलं ना," मेहुणा म्हणाला. "कसर लागलीये माझ्या त्या कोटाला."

"अस्सल लोकर आहे. टाकायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं." रफूवालीनं कोट काखोटीला मारला. धाकट्या बहिणीच्या माघारी या घरात तिचं एवढंच काय ते चालायचं.

"राहू दे ना, मावशी," भाची म्हणाली. आई गेल्यापासून पोरगी अशी मिटूनच गेली होती.

दुकानात येऊन तिनं कोट उजेडात धरला. उजव्या बाहीची पार चाळण, बाकी कोट धड. कसर मेली मोठी चोखंदळ. घाम, कालवण, जिथं काही मुरलेलं असेल तिथंच तोंड घालते. मनगटाच्या वर घडीची एक पुसट रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीनं भोकं. ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या कपड्याचं असंच व्हायचं.

तिनं अस्तर उसवलं. शिवणीत काळपट खपली होती. ओला कापूस लावला, तो तांबूस झाला. सुई रोज बोटात शिरणाऱ्या बाईला रक्त काय ओळखायला शिकवायचं?

काही वर्षांपूर्वी थंडीत धाकटी जिन्यावरून पडली, डोकं फुटून गेली. मेहुणा तेव्हा म्हणाला होता, मी पोचायच्या आत शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं, पोरगी शाळेत होती. मग त्याच्या कोटावर रक्त आलं कुठून?

"मेल्या, इतकी वर्षं गिळून बसलास होय!" ती रडत रडत ओरडली. आणि पोरगी त्याच्याच छपराखाली!

संध्याकाळी तिनं भाचीला बोलावून घेतलं आणि कोट पुढ्यात टाकला.

"हा घेऊन मी पोलिसांत चाललेय. आईचं रक्त आहे यावर तुझ्या. तू आजपासून माझ्याकडे राहायचंस. तुझ्या बापाला मी सोडत नाही."

पोरीनं उठून कोट अंगात घातला. तिचे हात बाह्यांमध्ये बुडून गेले. उजवी बाही तिनं त्या पुसट रेघेवर दुमडली. भोकावर भोक बरोबर बसलं.

"बाबांना काही करू नकोस, मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी शाळेत नव्हते. हा कोट माझ्याच अंगात होता."